एकमेकांचे जामीन

ख्रिस्ती विश्वासात एकमेकांना धीर देण्याचा विषय आपल्या मंडळ्यांत बहुधा उपदेशाच्या अगदी शेवटी येतो. वचनाचे विवेचन झालेले असते, वेळ संपत आलेली असते आणि आशीर्वचनाआधी जाता जाता सांगितले जाते की एकमेकांसाठी प्रार्थना करा, एकमेकांना उत्तेजन द्या. ऐकणारे मान डोलावतात आणि घरी जातात. तत्त्व महत्त्वाचे, प्रार्थना महत्त्वाची, प्रभुभोजन महत्त्वाचे. धीर देणे हा मात्र चांगल्या स्वभावाच्या माणसांनी जमेल तसा करायचा उपकार, अशी वाटणी आपण मनातल्या मनात करून टाकली आहे. या पुस्तकाने ही वाटणी मोडायचे ठरवले आहे आणि मला ते योग्य वाटते. विश्वास माणसाच्या मनात कसा जागा होतो यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. तो टिकतो कसा, दुष्काळात, आजारपणात, घरच्यांनी तोंड फिरवल्यावर, मंडळीतच अपमान झाल्यावर तो कोणाच्या बळावर उभा राहतो, यावर त्या मानाने फार थोडे लिहिले गेले. माझे म्हणणे असे, की तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी विश्वासाच्या आधाराने टिकतो. म्हणून परस्परांना धीर देणे हे मंडळीच्या मुख्य कामांपैकी एक मानले पाहिजे. ही प्रस्तावना त्या म्हणण्याची मांडणी आहे.

हा प्रश्न वडनेर भोलजीसारख्या ठिकाणाहून पाहिला की त्याची निकड चटकन ध्यानात येते. मलकापूर आणि नांदुरा यांच्यामध्ये, मुंबई-कोलकाता महामार्गावर वसलेले हे कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातले गाव. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे 10 लाख 80 हजार, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही किंचित कमी. त्यांतले बरेचसे मुंबई, वसई, पुणे, अहमदनगर या भागांत एकवटलेले. वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत राहणाऱ्या विश्वासणाऱ्याला शेजारी, भावकीत, शेतावर, शाळेत आपल्यासारखा दुसरा सहसा भेटत नाही. मोठ्या शहरातल्या मंडळीत एखादा माणूस चार रविवार आला नाही तरी उपासना चालू राहते. दहा-बारा घरांच्या मंडळीत एक घर खचले तर सगळी मंडळी खचते. संख्या कमी असली की प्रत्येकाचा धीर हा सगळ्यांचा प्रश्न होतो.

या भागातल्या ख्रिस्ती समाजाचा जन्मही असाच, आधार तुटलेल्या माणसांतून झाला आहे. 19व्या शतकाच्या अखेरीस अलायन्स मिशनने अकोला-खामगाव परिसरात काम उभे केले. पुढे बुलढाणा आणि वाशीमच्या बाजूला नाझरीन मंडळीचे काम वाढले. 1896-97 आणि 1899-1900 हे दोन दुष्काळ लागोपाठ आले. घरेच्या घरे उठली. आईबाप गमावलेली मुले मिशनच्या अनाथालयांत आली आणि त्यांतली कित्येक तिथेच लहानाची मोठी झाली, तिथेच त्यांची लग्ने ठरली. ज्यांना मामा-काका, सोयरेधायरे उरले नव्हते अशा मुलांना मंडळी हेच गोत झाले. दुखणे-खुपणे, बाळंतपण, मयत, मुलीचे लग्न, प्रत्येक प्रसंगी जे काम इतरांकडे भावकी करते ते इथे मंडळीला करावे लागले. त्या पिढीने परस्परांना धीर देण्यावर प्रवचने केली असतील-नसतील. पण एकमेकांना धरून राहिल्याशिवाय तिचा निभाव लागणे शक्यच नव्हते. आज आपण ज्या विश्वासाचे वारस म्हणवतो तो या धरून राहण्यातून आपल्यापर्यंत आला आहे.

नव्या करारात हा विषय किती मध्यभागी आहे ते पाहू. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचे वाचक छळ सोसून थकलेले लोक होते. काहींनी एकत्र जमणेच सोडून दिले होते. लेखक त्यांना ख्रिस्ताच्या याजकपणाविषयीची खोल शिकवण देतो, आणि त्याच ओघात सांगतो की एकत्र येणे सोडू नका, प्रीती आणि चांगली कामे यांसाठी एकमेकांना चेतवा, रोजच्या रोज एकमेकांना बोध करा. त्याच्या दृष्टीने ही शिकवण आणि हे परस्परांना जपणे वेगळे नाही: ज्याचे मन कठीण होऊ लागले आहे त्याला ते स्वतःहून कळत नाही, ते शेजारच्या भावाला किंवा बहिणीला दिसते. थेस्सलनीकाच्या कोवळ्या मंडळीची काळजी पौलाला सोसवेना तेव्हा त्याने स्वतः एकटे राहणे पत्करून तीमथ्याला तिकडे धाडले, आणि तीमथ्य चांगली बातमी घेऊन परतला तेव्हा आपल्यालाच धीर आला असे त्यांना कळवले. ज्याने धीर पाठवला त्यालाच तो उलट मिळाला.

पण या विषयाचे सर्वांत स्पष्ट चित्र बर्णबाचे. प्रेषितांची कृत्ये वाचताना तो पौलाच्या सावलीत जातो, म्हणून त्याने नेमके काय केले ते नीट पाहिले पाहिजे. मंडळीचा छळ करणारा शौल ख्रिस्ताचा शिष्य होऊन यरुशलेमेत आला तेव्हा कुणीही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि त्यांचे चुकले असेही म्हणता येत नाही. याच माणसाने घरोघर शिरून स्त्रीपुरुषांना ओढून नेले होते. बर्णबा त्याला हाताला धरून प्रेषितांपुढे घेऊन गेला आणि त्याच्या वतीने बोलला. आपल्याकडे पतपेढीतून किंवा सोसायटीतून कर्ज काढायचे तर जामीनदार लागतो, आणि जामीनदार म्हणून सही करणे म्हणजे काय हे खेड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: समोरचा बुडाला तर आपण बुडणार. बर्णबाने शौलासाठी केले ते हेच. त्याने गोड शब्द बोलून शौलाची समजूत काढली नाही. यरुशलेमेतल्या आपल्या नावाची पत त्याने शौलाच्या नावामागे लावली. शौल खोटा निघता तर बर्णबाचे नाव कायमचे गेले असते. धीर देणे या शब्दांचा ख्रिस्ती अर्थ मी इथून घेतो. जिथे देणाऱ्याचे काहीच पणाला लागत नाही, तिथे सौजन्य असेल, पण धीर देणे अजून सुरू झालेले नाही.

पुढे अंत्युखियात विश्वासणाऱ्यांची संख्या वाढली तेव्हा बर्णबाने तार्सला जाऊन शौलाला शोधून आणले आणि वर्षभर दोघांनी मिळून तिथे शिकवले. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा मिळाले ते याच शहरात. नंतर पिर्गा येथून काम अर्धवट टाकून परत गेलेल्या योहान मार्काला पुन्हा सोबत न्यायचे की नाही यावरून बर्णबा आणि पौल यांच्यात इतका वाद झाला की दोघे वेगळे झाले. पौलाची बाजू बळकट होती: ज्याने एकदा पाठ दाखवली त्याला अवघड कामावर का न्यावे? मार्क हा बर्णबाचा चुलतभाऊ असल्याने बर्णबाला नात्याचा लळा होता असेही कुणी म्हणू शकेल. पण निकाल पुढच्या काळाने दिला. तुरुंगात शेवटचे दिवस मोजणाऱ्या पौलाने तीमथ्याला जे पत्र लिहिले त्यात तो मार्काला सोबत आणायला सांगतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. नालायक ठरलेला माणूस उपयोगी झाला, कारण मधल्या वर्षांत कुणीतरी त्याला टाकून दिले नव्हते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो विचारी लोकांचा आहे. विश्वास हा माणूस आणि देव यांच्यातला व्यवहार. तो दुसऱ्याच्या आधारावर उभा असेल तर तो विश्वास कसला? आधार गेला की तो कोसळणार. शिवाय ख्रिस्ती माणसाचा धीर ख्रिस्त आहे, त्याला माणसांची गरज का भासावी? या आक्षेपात सत्याचा अंश आहे. दुसऱ्याच्या विश्वासाने कुणाचे तारण होत नाही. पण ज्या ख्रिस्ताचा दाखला दिला जातो त्याने स्वतः गेथशेमानेत तिघा शिष्यांना आपल्याबरोबर जागे राहायला सांगितले. आणि पौल, ज्याने देवाची कृपा पुरेशी असल्याचे सांगितले, त्याच शेवटच्या पत्रात त्रोवसात राहिलेला झगा, पुस्तके आणि चर्मपत्रे मागवतो, हिवाळ्याआधी ये म्हणून तीमथ्याला विनवतो. थंडी वाजत होती आणि एकटे वाटत होते, हे लिहायला त्याला संकोच वाटला नाही. देव धीर देतो तो पुष्कळदा माणसांच्या हातून देतो. त्या हातांना नको म्हणणे हा अधिक खोल विश्वास असतोच असे नाही. कधी कधी तो निव्वळ अहंकार असतो.

मराठी ख्रिस्ती इतिहासात याचा दाखला नारायण वामन टिळकांचा. टिळकांइतका स्वतंत्र वृत्तीचा माणूस शोधून सापडणार नाही. दुसऱ्याच्या बळावर चालणारा असे त्यांना कुणी म्हणणार नाही. तरी त्यांचा ख्रिस्ताकडचा प्रवास एकट्याचा नव्हता. रेल्वेच्या प्रवासात भेटलेल्या एका परक्या माणसाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यांच्या शंकांना पत्रांतून उत्तरे देणाऱ्यांत बाबा पद्मनजी होते, ज्यांनी स्वतः 1854 साली बाप्तिस्मा घेताना घरादाराचा दुरावा सोसला होता. त्या वाटेने आधी गेलेल्या माणसाचे उत्तर हे नुसते युक्तिवादाचे उत्तर नसते. या वाटेवर माणूस जगू शकतो याची ती साक्ष असते. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि तो आपल्याच माणसाच्या हातून व्हावा या त्यांच्या आग्रहाप्रमाणे तुकाराम नाथोजी या मराठी पाळकाने दिला. परक्या मिशनच्या छायेत वाढणाऱ्या मंडळीत या आग्रहाला फार अर्थ होता. टिळकांना ख्रिस्ताबरोबरच आपल्या मातीतले भाऊ हवे होते.

त्याच घरात या विषयाची दुसरी, अधिक अवघड बाजू दिसते. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या तरी त्यांचे सोवळेओवळे, वेगळे पाणी, वेगळी चूल चालूच होती, आणि टिळकांनी त्यात सक्ती केली नाही. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र ज्यांनी वाचले आहे त्यांना आठवेल की जातीचा विटाळ त्यांच्या मनातून गेला तो कुणी वाद घालून हरवल्यामुळे गेला नाही. राहुरीत असताना त्यांनी स्वतः विचार केला, माणसामाणसांत हा भेद देवाने केलाच कशाला असता हा प्रश्न स्वतःला विचारला, आणि त्या बाहेर आल्या. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्याचा अधिकार त्या काळात किती होता हे ध्यानात घेतले म्हणजे टिळकांनी तो वापरला नाही याचे मोल कळते. धीर देण्यात वाट पाहणे येते. दुसऱ्याच्या विवेकाला आपल्या वेळापत्रकाने हाकलले तर तो आपल्या मागे येईलही. पण पुढे आपण नसताना तो कुठे जाईल हे सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप मंडळीच्या वडीलजनांकडून येतो. सतत पाठीवर हात फिरवत राहिले तर शिस्त उरणार नाही, चूक ती चूक म्हणणार कोण? लाडाने मूल बिघडते तशी मंडळीही बिघडते. या आक्षेपाचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात इतके नेमके मिळते की ते विस्ताराने मांडायला हवे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या आणि शिकवूही लागल्या. या काळातला त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे, आणि त्यात त्यांच्याशी दोन बायका दोन तऱ्हांनी वागताना दिसतात. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाईंविषयी खरी माया होती, पण रमाबाईंचे प्रश्न त्यांना गर्वाचे लक्षण वाटत. रमाबाई त्र्यैक्याविषयी विचारत, चर्चच्या अधिकाराविषयी विचारत, आणि उत्तर म्हणून त्यांना नम्रतेचा आणि आज्ञापालनाचा उपदेश मिळे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. लॅटिन मला येत नाही, माझ्या देशातल्या बहिणींना येत नाही, तर ही अक्षरे संस्कृतात का नकोत, असे रमाबाईंनी विचारले. प्रश्न अगदी साधा होता. संस्कृताची पंडिता म्हणून कलकत्त्यात गौरवलेल्या बाईने दुसरे काय विचारावे? पण तोही अवज्ञेच्या खात्यात गेला.

चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी वेगळी वाट धरली. रमाबाईंचे सगळे म्हणणे त्यांना पटत होते असे नाही. त्या स्वतः चर्च ऑफ इंग्लंडच्या निष्ठावान सभासद होत्या. पण त्यांनी शंकेला शंका म्हणून उत्तर दिले, आपल्या अडचणी उघड केल्या, वाद घातला आणि या बाईला विचार करायला मोकळीक द्या असे इतरांना सांगितले. आता शिस्तीचा आक्षेप घेणाऱ्याने विचारावे, यांतली लाड करणारी कोण होती? बील बाईंनी तर रमाबाईंशी अधिक कठोर वाद घातला, कारण त्यांनी समोरच्या बाईला वाद घालण्यालायक मानले. कानउघाडणी आणि धीर यांत विरोध नाही. दोष सांगणारा माणूस आपल्या बाजूने उभा आहे याची खात्री असली तर दोष ऐकून घेता येतो. ती खात्री नसली तर योग्य दोषही शिव्यांसारखा लागतो. रमाबाईंना ख्रिस्ताची आतून ओळख पटली ती बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, असे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहिले आहे. या आठ वर्षांत त्यांना केवळ दटावणारी माणसे भेटली असती तर त्या मंडळीत राहिल्या असत्या का, हे निश्चित सांगता येत नाही. आज आपल्या मंडळ्यांतून शिकलेली मुले का दुरावतात याचा विचार करताना हे प्रकरण समोर ठेवण्यासारखे आहे. त्यांनी प्रश्न विचारले तेव्हा आपण त्यांना उत्तर दिले की गप्प बसवले?

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि या जिल्ह्यात राहणाऱ्याला तो टाळता येत नाही. शब्दांनी पोट भरत नाही. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ज्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची मदत जाहीर केली त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा यांच्याबरोबर बुलढाणाही होता. कर्ज, पावसाची हुलकावणी, कापसाचा पडलेला भाव यांपुढे दोन धीराचे शब्द काय करणार? याकोबाच्या पत्रात हाच आक्षेप आधीच नोंदलेला आहे: उघड्या, उपाशी भावाला सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव असे म्हणायचे आणि द्यायचे काहीच नाही, तर त्याचा उपयोग काय? तेव्हा आक्षेप खरा आहे, पण तो पोकळ शब्दांवर आहे. रमाबाईंनी दुष्काळात मुलींना गोळा करून केडगावच्या मुक्ती सदनात आणले तेव्हा त्यांना आधी अन्न दिले, वस्त्र दिले, औषध दिले. आणि तेवढ्यावर न थांबता विणकाम, शेती, छपाई अशी कामे शिकवली. त्यांनी मूळ भाषांवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे मुक्ती सदनातल्या स्त्रियांनीच जुळवले, त्यांनीच ते छापले. रमाबाई 1922 साली वारल्या. पुरे बायबल 1924 साली बाहेर आले. जगाने ओवाळून टाकलेल्या, एके काळी अक्षरओळखही नसलेल्या बायांच्या हातून हे काम झाले. तुझ्या हातून हे होईल, असे म्हणून काम हातात देणे, चुकले तर पुन्हा करून घेणे, हा धीराचा सर्वांत टिकाऊ प्रकार आहे. नुसत्या मदतीने माणूस आज जगतो; जबाबदारी मिळाली म्हणजे उद्याही जगावे असे त्याला वाटते.

मात्र उलट बाजूही मांडली पाहिजे. मदत पुरेशी असूनही माणूस एकटेपणाने मोडतो. कर्जाची रक्कम किती यापेक्षा कधी कधी हे कर्ज आता कुणाला सांगता येत नाही, ही लाज अधिक मारक ठरते. म्हणून मंडळीत अशी जागा हवी जिथे माणूस आपली पत न गमावता सांगू शकेल की माझे चुकले आहे, मी बुडालो आहे, माझी प्रार्थना ऐकली जात नाही असे मला वाटते. आणि असे सांगणाऱ्याला तुझा विश्वास कमी पडला असे उत्तर मिळता कामा नये. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर मूक बसले तोवर खरे मित्र होते. तोंड उघडून त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच पापात शोधू लागले तेव्हा ते त्याच्यावरचे आणखी एक ओझे झाले. शेवटी देवाचा राग ईयोबावर नव्हे, या मित्रांवर झाला. आजाऱ्याला, वांझपणाचा टोमणा ऐकणाऱ्या बाईला, कर्जबाजारी शेतकऱ्याला वचने तोंडावर फेकून देणाऱ्यांनी ईयोबाचे पुस्तक पुन्हा वाचावे. जिथे माणूस सतत खिन्न आहे, झोप गेली आहे, मरणाचे विचार बोलून दाखवतो आहे, तिथे त्याला डॉक्टरकडे घेऊन जाणे हेही विश्वासाचेच काम आहे. प्रार्थना करणाऱ्याने गाडीत त्याच्या शेजारी बसून दवाखान्यापर्यंत जावे.

चौथा आक्षेप बाहेरून येतो. आपापसांत इतके घट्ट राहणारे लोक गावापासून तुटतात. परस्परांना धीर देणे म्हणजे आपली वेगळी टोळी करणे. मराठी ख्रिस्ती समाजाला हा धोका नवा नाही. 1843 साली ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री यांनी आमच्या शेजारच्या जालन्याजवळ, निजामाच्या राज्यात मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाची वसाहत उभी केली. तिथे राहायला आलेल्यांत मांग समाजातले लोक मोठ्या संख्येने होते. ज्यांना गावात विहिरीवर पाणी भरता येत नव्हते त्यांना स्वतःची विहीर, शाळा, उपासनेची जागा आणि मान वर करून चालण्याचा रस्ता मिळाला. त्यांच्या दृष्टीने वेगळी वसाहत ही टोळी नव्हती, ती सुटका होती. अस्पृश्यतेने ज्यांना आधीच वेशीबाहेर ठेवले होते त्यांच्यावर गाव सोडल्याचा आरोप कसा करावा? तरीही हे मान्य केले पाहिजे की मिशनच्या आवारात वाढलेल्या पिढ्यांना मिशनवर अवलंबून राहण्याची सवय लागली, आणि आसऱ्याचे कुंपण झाले. टिळकांनी 1917 साली देवाचा दरबार सुरू केला त्यामागे हीच जाणीव होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सगळे अनुयायी एकत्र यावेत, आपल्या देशाच्या रीतीने भक्ती करावी, परक्या आश्रयावर विसंबू नये, असा तो प्रयत्न. तुकोबांचे ऋण टिळक उघडपणे मानत. अभंग आणि कीर्तन त्यांनी ख्रिस्ताच्या सेवेला लावले. दरबार फार काळ टिकला नाही, कारण दोनच वर्षांनी टिळक गेले. पण त्यामागचा विचार टिकण्यासारखा आहे: ज्या धीराने आपण आपल्या भावाला उभे करतो तो शेजाऱ्यासाठी वापरता येत नसेल तर त्यात काहीतरी कमी आहे.

जातीचा मुद्दा आणखी आत जातो. मराठी मंडळीत ब्राह्मण घरातून आलेले आणि महार-मांग वस्तीतून आलेले एका बाकावर बसले तरी बोलणारे कोण आणि ऐकणारे कोण हे बहुतेक ठरलेले होते. आजही शिकलेले, नोकरदार, शहरातले लोक खेड्यातल्या मंडळीला धीर द्यायला येतात. त्यांनी खेड्यातल्या मंडळीकडून धीर घेतल्याचे क्वचित ऐकू येते. पौल रोमच्या मंडळीला लिहितो तेव्हा प्रथम म्हणतो की मी तुम्हाला काही आध्यात्मिक दान द्यावे म्हणून यायची इच्छा आहे, आणि लगेच स्वतःला सावरून म्हणतो की म्हणजे तुमच्या विश्वासाने मला आणि माझ्या विश्वासाने तुम्हाला धीर मिळावा. प्रेषिताने हे म्हणावे यात मोठा अर्थ आहे. धीर वरून खाली वाहत असेल तर तो उपकार होतो आणि उपकाराखाली माणूस वाकतो. म्हणून या पुस्तकाच्या वाचकाने स्वतःला विचारावे की गेल्या वर्षभरात मी कुणाला धीर दिला, आणि त्याच दमात विचारावे की मी कुणाकडून घेतला. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पहिल्याचे उत्तर तपासून पाहावे लागेल. हे पाळकांनाही लागू आहे. दर रविवारी इतरांना उभे करणारा पाळक स्वतः पगाराच्या काळजीत असतो, त्याच्या मुलांच्या शिक्षणाचे प्रश्न असतात, एकाच महिन्यात दोन मयती आणि एक भांडण त्याने निस्तरलेले असते. त्याच्या घरी जाऊन त्याच्यासाठी प्रार्थना करणारा सभासद मंडळीत असतो का? पाळकाला धीराची गरज नसते असे मानणारी मंडळी त्याला एकटा पाडते आणि मग त्याच्या थकण्याला आळस म्हणते.

हे सारे कामाला कसे लावायचे, याची चर्चा पुढील प्रकरणांत आहे, म्हणून इथे मी फक्त एवढे सांगतो की त्याला मोठ्या साधनांची गरज नाही. 1842 साली सुरू झालेल्या ज्ञानोदयासारख्या नियतकालिकाने विखुरलेल्या मराठी ख्रिस्ती घरांना एकमेकांची खबर दिली. आज ते काम फोन करू शकतो, पण फोनवर आलेले वचन पुढे ढकलणे म्हणजे धीर देणे असे समजू नये. उपासनेला न आलेल्या घरी त्याच आठवड्यात कुणीतरी जावे, आणि गेल्यावर का आला नाहीत असे विचारण्याआधी कसे आहात असे विचारावे. नव्या विश्वासणाऱ्याला एका जुन्या घराशी जोडून द्यावे, म्हणजे त्याच्या नावाने उभे राहणारे कुणी असेल. चुकून गेलेल्या माणसाला परत काम द्यायचे की नाही असा वाद उठेल तेव्हा पौलाची बाजू ऐकावी, पण बर्णबाची बाजू मांडणारा एक तरी आवाज सभेत असावा. घरसभेत साक्ष देताना फक्त मिळालेल्या आशीर्वादाचीच नव्हे, तर अजून न सुटलेल्या अडचणीचीही साक्ष देण्याची मुभा असावी. तरुण मुलामुलींना प्रश्न विचारू द्यावेत आणि उत्तर येत नसेल तर येत नाही असे सांगावे. त्याने पाळकाचा मान कमी होत नाही.

शेवटी एका गैरसमजाला जागा ठेवू नये. धीर देणारा माणूस फार बळकट असावा लागतो, आपल्याला आधी स्वतःचेच निस्तरत नाही, तर दुसऱ्याला काय देणार, असे म्हणून पुष्कळ जण या कामातून अंग काढून घेतात. वर आलेली सगळी माणसे पुन्हा पाहा. पद्मनजींनी घर गमावले होते, रमाबाईंनी आईवडील, भाऊ आणि नवरा गमावला होता, लक्ष्मीबाईंनी आयुष्याचा मोठा भाग ओढगस्तीत काढला. ती आधी बळकट होती आणि मग धीर देऊ लागली असे नाही. देता देताच ती बळकट झाली. वऱ्हाडातल्या लहान मंडळ्यांजवळ पैसा थोडा आहे, इमारती जुन्या आहेत, पाळक कमी आहेत. पण दुसऱ्यासाठी आपले नाव पुढे करायला यांतले काहीही लागत नाही. म्हणून मंडळी गरीब आहे, लहान आहे, दूर आहे, हे कारण या एका कामापुरते तरी चालणार नाही. आणि हे काम ज्या मंडळीत होते तिथे पुढची पिढी विश्वासात राहण्याची आशा धरता येते.

वडनेर भोलजी,
ता. नांदुरा, जि. बुलढाणा